बाबांनी बसवलेले पाय

खरं सांगते, या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आले. "दिवे आपोआप गेले" वगैरे वाचलं की म्हणायचे, आधी मीटर बघा! आमचं घर बौद्ध. नवस, अंगारा, भूतबाधा यांना घरात थारा नाही. त्यात मी इंदूरच्या पलासिया भागातल्या एका कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते. तरी लिहितेय… कारण हे भर दुपारी, घरभर माणसं असताना, माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

माझे बाबा फौजेत होते, महूला हवालदार म्हणून रिटायर झाले. मग आम्ही इंदूरला फ्लॅट घेतला. मागच्या वर्षी त्यांना पॅरालिसिसचा अटॅक आला आणि डावा गुडघा कायमचा वाकलेला राहिला. जन्मभर परेड केलेला माणूस वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाताना रडकुंडीला यायचा. त्यांचं मन रमावं म्हणून मी हॉलमधल्या टेबलावर चार पायांचा चालणारा रोबो बनवायला घेतला. मांजराएवढा. पायाच्या प्रत्येक सांध्यात एक छोटी मोटर, तिला सर्व्हो म्हणतात.

बाबा असे रंगले म्हणून सांगू! मी क्लासला निघाले की ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसायचे. संध्याकाळी दारातच प्रश्न — "बेटा, आज चलेगा क्या अपना जवान?"

जवान काही चालायचा नाही. स्विच दाबला की थरथरायचा आणि धाडकन तोंडावर पडायचा. कारण मला माहीत होतं. सर्व्होवर पाय बसवताना गुडघा थोडा वाकलेला ठेवावा लागतो, तरच प्रोग्राम त्याला नीट हलवतो. मी तसा बसवून जायचे, आणि दिवसभरात बाबा सगळे पाय उघडून, ताठ करून पुन्हा कसायचे! समजावलं तर म्हणाले, "गुडघा मोडून कोण खडं राहतं बेटा? सावधान म्हणजे सावधान." पुन्हा एकदा पटवायला गेले, तेव्हा "सॉरी बेटा" म्हणून हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मग टेबलाजवळ जाईनात. त्यांच्या त्या वाकलेल्या गुडघ्याकडे बघून मीच म्हटलं, "बाबा, तुमचंच बरोबर आहे, या बरं." मनात ठरवलं, एखाद्या रविवारी गुपचूप पाय नीट करायचे आणि त्यांना चालवून दाखवायचं. एवढी एकच इच्छा होती… बाबांनी त्याला चालताना बघावं.

तो रविवार आलाच नाही. बाबा झोपेतच गेले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या श्रद्धांजलीच्या दिवशी बुद्धमूर्ती आणि बाबांचा फोटो ठेवायला टेबल हवं होतं. मी रोबो उचलून कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. त्यात बॅटरी नव्हती; ती फुगली होती, पेट घेऊ नये म्हणून मी आधीच काढून गॅलरीत वाळूच्या डब्यात ठेवली होती. पाय मात्र बाबांनी शेवटचे कसले होते तसेच, ताठ. ते उघडायचा माझा धीर झाला नव्हता.

वंदना झाली. लोक जेवायला बसत होते. आणि टाइल्सवर आवाज आला — टक्… टक्… टक्… मी वळले.

रोबो चालत होता. गुडघे न वाकवता, ताठ पाय पुढे टाकत, परेडची चाल! अशी चाल माझ्या प्रोग्राममध्ये नाहीच. कोपऱ्यातून टेबलापर्यंत आला, फोटोसमोर थांबला, मागे राहिलेला पाय जुळवला… आणि बस्स. शेजारी उभ्या आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

महूचे काका हातातली वाटी तशीच धरून म्हणाले, "अरे बिटिया, हा किसने चालू केला? सेल कुठेय याचा?" मी रोबो उलटा करून दाखवला. रिकामा खण, लोंबती वायर. काकांनी वाटी खाली ठेवली आणि खणात बोट घालून पाहिलं.

नंतर मी जमेल ते सगळं तपासलं. फरशीचा उतार म्हणावा, तर गोटी ठेवली की टेबलाकडून कोपऱ्याकडे घरंगळते. सर्किटमध्ये उरलेला चार्ज म्हणावा, तर तेवढ्यात एक पायसुद्धा उचलला जाणार नाही. नवी बॅटरी लावून त्याच ताठ पायांनी चालवून पाहिलं… प्रत्येक वेळी तोंडावर.

आई तोवर रडली नव्हती. पाहुणे गेल्यावर भांडी आवरता आवरता म्हणाली, "चालला ना गं?"

"चालला, आई."

"मग यांनी बघितलं असेल का?" आणि ओट्याला धरून ती जी रडायला लागली…

तो चालला कसा, हे मला आजही सांगता येत नाही, आणि आता तो प्रश्न मला फारसा छळतही नाही. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर कळवा. ती अजून विचारते.