सरांच्या मागोमाग वर्गात

वर्गात आम्ही दोघीच मुली. सर येईपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं, ते आले की त्यांच्या मागोमाग आत शिरायचं, तास संपला की तशाच मागोमाग बाहेर. मेंढरांनाही कुणी एवढं हाकत नाही.

राज्यशास्त्राचे सर तर मला बघवत नसत. तेव्हा संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, वर्तमानपत्रात रोज काहीतरी बदलत होतं. आणि हा माणूस पिवळ्या पडलेल्या वहीतून राजेरजवाड्यांचे अधिकार सांगत बसायचा. 'लिहा' म्हणायचं, खाकरायचं, पुन्हा 'लिहा'. एकदा मी विचारलं, "सर, यातली बरीच राज्यं आता उरली नाहीत ना?"

माझ्याकडे न बघता ते मुलांना म्हणाले, "ज्यांना पुढं पोळ्याच लाटायच्या, त्यांनी कशाला चिंता करावी?"

मुलं खदखदा हसली. त्यांना हसायला एवढंच पुरायचं.

याच्या तासाला बसायचं नाही, असं मी ठरवलं. अडचण मैत्रिणीची होती. मी बहादरपूरच्या केळीवाल्याची मुलगी, शहरात मामांकडे राहायची. ती इथल्याच कापडवाल्याची. मी गेले नाही तर ती एकटी कशी बसणार?

"तू पण नको जाऊस. तापीवर जाऊन बसू," मी म्हटलं.

"नाही जमायचं. एक दिवस खाडा झाला तर घरी बसवीन, असं बाबूजी म्हणालेत."

"मग कर त्या वहीची पूजा!"

"तुझे वडील तुला काही बोलत नाहीत. तुला तोरा परवडतो."

मला तिची कीव आली. कीव कसली, किळसच. "जा मग शेपटासारखी त्यांच्या मागे," म्हटलं आणि चालू पडले.

घाटावर धुणं धुणाऱ्या बाईनं विचारलं, "क्यों बेटी, छुट्टी है क्या?" मी हो म्हटलं. पाण्यात पाय सोडून बसले. थोड्याच वेळात कंटाळा आला, पण कबूल कोण करणार?

परत आले तेव्हा ती बाहेर पायरीवर रडत बसली असेल, असं धरूनच चालले होते. शिपाई म्हणाला, "वो तो अंदर बैठी है."

खिडकीतून पाहिलं. पहिल्या बाकावर ती एकटी, मागे सगळी मुलं. सर म्हणाले, "लिहा." ती उभी राहिली.

"सर, ही राज्यं आता नाहीत. त्यांच्या जागी काय लिहायचं ते सांगा."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी वहीची पानं पुढं उलटली, मागं उलटली. "उद्या सांगतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीच सांगितलं नाही. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. पण मी तासाला गेले होते, आणि वर्ष संपेपर्यंत जात राहिले. तापीवर काय केलंस, असं तिनं मला कधी विचारलं नाही. खिडकीतून तिला पाहिलं होतं, हे मीही सांगितलं नाही.