लिहिता येत होतं, वाचता येत नव्हतं

डॉक्टरांनी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, "तुमचं नाव, गाव आणि तुम्ही काय काम करता ते लिहा." मी तीन ओळी लिहिल्या. हात कुठे अडला नाही. त्यांनी कागद उलटा ठेवला, दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलले आणि मग तोच कागद माझ्यासमोर धरला. "आता हे वाचा."

कागदावर शाई होती. शिरोरेघा दिसत होत्या, त्यांच्याखाली काहीबाही लटकलेलं दिसत होतं. पण त्यातलं एकही अक्षर ओळखता येईना. मी विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

"तुम्हीच. आत्ता."

मी नेरच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, असं त्या कागदावर लिहिलं होतं. आमच्या ह्यांनी ते मला वाचून दाखवलं.

झाला होता स्ट्रोक, म्हणजे मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा अडला होता. स्ट्रोक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वाकडं तोंड आणि लुळा हात येतो. माझं तसं काही नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूचा मागचा तुकडा गेला होता आणि त्यातून आला होता अलेक्सिया. उजव्या बाजूचं थोडं दिसेनासं झालं होतं, एरवी डोळे चांगले, भाषा चांगली, बोलणं चांगलं, पण डोळ्यांनी पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत पोचत नाही. लिहिण्याची वाट वेगळी असते, ती बचावली होती.

आमचे हे एसटी डेपोत मेकॅनिक. त्यांनी लगेच निदान आपल्या भाषेत करून घेतलं. "म्हंजे इंजिन चांगलं हाय, ब्याटरी चांगली हाय, मधातली वायर तुटली."

"जवळपास तसंच," डॉक्टर म्हणाले.

"मंग जोडा ना, साहेब."

"ही वायर आम्हाला जोडता येत नाही. मेंदू स्वतः दुसरी वाट काढतो का, ते पाहायचं. काहींचं वाचन परत येतं, काहींचं नाही. मी आज तुम्हाला शब्द देणार नाही."

त्यांनी खोटा धीर दिला नाही, याचा तेव्हा मला राग आला होता. आज वाटतं, बरं केलं.

आता आधीचे तीन दिवस सांगते, कारण तिथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नये. सोमवारी सकाळी चहा घेऊन पेपर उघडला तर तो भलत्याच लिपीत छापलेला. मला वाटलं पोऱ्या चुकला, दुसराच पेपर टाकून गेला. ती कापसाची वाईट वर्षं होती. पहिल्या पानावर रोज कुठल्या शेतकऱ्याने जीव दिला ते असायचं, आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ते सांगायला नको. खरं सांगते, क्षणभर वाटलं, बरंच झालं, एक दिवस सुटका. मग दारातून जाताना उजवा खांदा चौकटीवर आपटला. दुपारी पुन्हा आपटला. डोकं दुखत होतं. मी काय करावं? चष्म्याच्या दुकानात गेले. नंबर काढला, नवी काच सांगितली आणि दोन दिवस तिची वाट बघत बसले. वाचणारी बाई, दुखणं आलं तर चष्म्यालाच येणार, असा माझा हिशेब!

तुमच्या घरात कुणाला असं अचानक झालं, तर चष्मा, पित्त, झोप, काही शोधत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा.

नव्या काचेतूनही अक्षर लागेना, तेव्हा हे मला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथे नऊ दिवस काढले. सीटी स्कॅन, मग एमआरआय, म्हणजे मेंदूचा बारकाईने काढलेला फोटो. त्या यंत्रात ठोकल्यासारखा आवाज येतो, घाबरायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या. हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक तपासणीला बाकड्यावर दोन-दोन तास बसणं. आयुष्यभर मी असल्या दोन तासांची वाट पाहिली होती, पिशवीत पुस्तक ठेवून. आता भिंतीवरच्या पाट्यांकडे बघत बसायचं आणि त्या माझ्याकडे बघणार.

मला नेमकं काय हरवल्यासारखं वाटत होतं, ते सांगते. माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते. घरातल्या ज्या फळीवर देव होते ती रिकामी झाली, आणि जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणाऱ्या माझ्या बापाने तिच्यावर पुस्तकं मांडली. आईला अक्षर येत नव्हतं. तिला मी वाचून दाखवत असे. त्या घरातून मी वाचनालयाच्या खुर्चीपर्यंत आले आणि एक नियम केला: स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कुठलंही पुस्तक वाचकाच्या हातात द्यायचं नाही. चोवीस वर्षं तो पाळला. कादंबरी असो की आत्मचरित्र, मी दिलं म्हणजे लोक उघडूनही बघत नसत, सरळ पिशवीत टाकत. बाजारात कापसाच्या गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहायच्या, तेव्हा गाडीवाले माझ्याकडे येऊन बसायचे. "म्याडम, ज्याच्यात कोणी मरत नाही असं एखांदं द्या," म्हणायचे. आणि मला ते माहीत असे, कुठलं ते.

वाचन गेलं म्हणजे हे सगळं गेलं. मग त्या खुर्चीत बसणारी मी कोण?

वॉर्डात हे मला वाचून दाखवू लागले. बिचाऱ्यांनी लग्नानंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं. नायिका नायकाच्या गळ्यात पडते ते वाक्य त्यांनी असं वाचलं, जणू गाडी अमुक फलाटावर लागत आहे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसून हसून खोकली. त्या दिवशी मी पहिल्यांदा जेवण पूर्ण संपवलं.

दीड महिन्याने कामावर गेले. वाचता येत नाही हे ह्यांना आणि वाचनालयाच्या चिटणीसांना ठाऊक होतं, वाचकांना नाही. मी ठरवलं होतं, कुणाला कळू द्यायचं नाही. कपाटं मला पाठ होती. मुखपृष्ठं पाठ होती. नोंद करताना तर लिहायचंच असतं! नंबर वाचता येत होते, ते या आजारात पुष्कळदा शाबूत राहतात.

पण एक गोष्ट मी विसरले होते. आजारी पडायच्या आठच दिवस आधी जास्त फिरणारी, फाटलेली सगळी पुस्तकं मीच बाइंडिंगला दिली होती. ती परत आली होती. एकजात लालभडक रेक्झिन, पाठीवर नुसता नंबर. चार कपाटं एका रंगाची. रहस्यकथा कोणती आणि संतचरित्र कोणतं, काही पत्ता नाही. मी जाडीवरून अंदाज बांधायला सुरुवात केली.

राऊत ग्रेडर दर शनिवारी यायचे. कापूस संकलन केंद्रावर कापसाची प्रत ठरवायचं त्यांचं काम. वाचायचे फक्त खुनाच्या कादंबऱ्या. मी मधल्या कपाटातून एक बेताच्या जाडीचं पुस्तक काढून दिलं आणि खात्रीने म्हणाले, "शेवटपर्यंत खुनी सापडणार नाही." त्यांनी ते न उघडता पिशवीत टाकलं.

मंगळवारीच परत आले. पुस्तक टेबलावर ठेवलं. "म्याडम, हे काय देलं तुमी मले?"

मी नोंदवही पुढे ओढली.

"आता खून होईन, मंग होईन म्हणून वाट पाहून राह्यलो. शंभर पानं झाले. नुसते लेकरं जल्मून राह्यले! एक झालं की दुसरं!"

एका सुईणीचं आत्मकथन होतं ते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, "थांबा. बायकोनं इचारलं, काहून एकटेच हसून राह्यले? मंग तिले मोठ्यानं वाचून दाखवलं. पूर्ण. दोघं रडलो बी. आता असंच दुसरं द्या."

मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. मग सगळं सांगून टाकलं.  ते पुस्तकाच्या रेक्झिनवरून बोट फिरवत म्हणाले, "म्याडम, कापूस पाहाले मी डोयाचा भरवसा धरत नाही. डोयाले सारा पांढराच दिसते. चिमूटभर घ्याचा, दोनी अंगठ्यात धरून ताणाचा, बोट सांगते धागा केवढा हाय ते. तुमचं बोट तर अजून लिहून राह्यलं ना? मंग त्यालेच वाचू द्या."

मला हे फार बावळट वाटलं. ते गेल्यावर मात्र त्याच पुस्तकाचं पहिलं पान उघडलं, कुणी बघत नाही ना पाहिलं आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवून ती गिरवली. वळसा, आणखी एक वळसा, उभी दांडी, वर रेघ. बोट थांबलं आणि तोंडातून निघालं, "स." खाली उकाराचा आकडा, म्हणजे "सु". पुढची खूण गिरवली. "ई." तिसरी. "ण."

सुईण!

पाच मिनिटं लागली असतील. मी तो शब्द मोठ्याने चारदा म्हटला. वर्तमानपत्रं चाळत बसलेले दोघं मान वर करून माझ्याकडे बघू लागले.

पुढच्या तपासणीला अमरावतीच्या स्पीच थेरपिस्ट बाईंना, म्हणजे बोलण्या-वाचण्याचे व्यायाम शिकवणाऱ्यांना, मी हे करून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आज मी तुम्हाला हेच शिकवणार होते. हाताची वाट शाबूत आहे, तिच्यावरून डोळ्यांना घेऊन जायचं. हे कुणी सांगितलं?" मी सांगितलं, कापसाच्या ग्रेडरने. त्यांनी ते फायलीत लिहून घेतलं.

हे सोपं झालं असं कुणी समजू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन ओळी. ओळीच्या शेवटी जाईपर्यंत सुरुवात विसरलेली. उजवीकडचं दिसत नसल्याने शब्दाचं शेपूट सुटायचं, तिथे पट्टी उभी ठेवून नजर तिथपर्यंत न्यायला शिकले. जोडाक्षरांनी तर जीव खाल्ला. "क्ष" समोर आला की मी त्याला शिव्या घालत असे. तिसऱ्या महिन्यात बोट कागदावरून उठून मांडीवर आलं. सहाव्या महिन्यात ते पदराआड नुसतं हलायचं. रोज अर्धा तास, एकाही दिवसाची सुटी नाही. चिकाटीची मी आधीपासूनच आहे, आमचे हे तिला हट्ट म्हणतात.

दरम्यान वाचनालय कसं चालवायचं? चोवीस वर्षांचा नियम मोडला. पुस्तक परत करणाऱ्याने माझ्यासमोर पाच मिनिटं बसायचं आणि त्यात काय आहे, कुणाला आवडेल ते सांगायचं. मी ते चिठ्ठीवर लिहायची आणि पुस्तकात चिकटवायची. माझ्याच अक्षरातल्या त्या शिफारशी मला वाचता येत नव्हत्या, बाकी सगळ्यांना येत होत्या. "भाजी निवडता निवडता ऐकायला झकास." "पहिलं लग्न सोडून द्या, दुसऱ्यापासून मजा." चिठ्ठी असलेलं पुस्तक कपाटात टिकेना. मी इतकी वर्षं एकटीने काय देऊ ते ठरवत होते. राऊतांना सुईण आवडेल, हे मला जन्मात सुचलं नसतं.

आजाऱ्याला काय वाचून दाखवावं, असं आता मला पुष्कळजण विचारतात. पडून राहिलेल्याला उपदेशाचं पुस्तक मुळीच देऊ नका. प्रकरणं लहान असलेली, पुढे काय होतं याची उत्सुकता लावणारी लोकप्रिय कादंबरी द्या, मग ती कितीही हलकी असो. आत्मकथन द्यायचं तर ज्याने लिहिलंय त्याला स्वतःवर हसता येतं का, ते आधी बघा. आणि वाचणारा वाईट वाचत असला तरी त्याला थांबवू नका.

माझे डॉक्टर, त्या थेरपिस्ट बाई, राऊत, फलाटाच्या आवाजात प्रेमकथा वाचणारा माझा नवरा, या सगळ्यांचं मी देणं लागते, आणि ते फेडायची मला मुळीच घाई नाही. माझं वाचन आजही पूर्वीसारखं नाही. पूर्वी मी पुस्तक गिळायची, आता चावून खाते. रक्तदाबाची गोळी रोज घेते.

अकराव्या महिन्यात नव्या पुस्तकांचं खोकं उघडलं. वरचीच कादंबरी उचलली. तिच्यात कुणाची चिठ्ठी नव्हती, कुणी तोंडी काही सांगितलं नव्हतं, नेरमध्ये ती आजवर कुणीच वाचलेली नव्हती. पावणेतीनशे पानं, तेवीस दिवस. शेवटच्या पानावर आले तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. मी पुस्तक मिटलं, पाणी प्यायले आणि ते टेबलावर ठेवलं.

तेवढ्यात नर्सिंगला जाणारी एक मुलगी आली. ते नवंकोरं पुस्तक तिने उचललं, आतबाहेर चिठ्ठी शोधली, सापडली नाही.

"म्याडम, याच्यात तं कोणाचंच काही लिहेल नाही. वाचलं का हे कोणी?"

"हो," मी म्हटलं. "मी वाचलं."