माहेरपणाला येणारा तांदूळ

विकलेली वस्तू एक दिवस आपल्या पायांनी घरी परत येते, यावर गाढ श्रद्धा असलेला माणूस उभ्या कोकणपट्टीत एकच निघाला, आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. हरवलेल्या वस्तू सगळेच शोधतात. आमच्या हिचे काका विकलेला तांदूळ शोधत. रायगडच्या खारेपाटात, समुद्राला बांध घालून अडवलेल्या जमिनीत, म्हणजे खारीत, त्यांचं शेत होतं. दर हिवाळ्यात ते आपला भात सरकारच्या खरेदी केंद्रावर घालीत आणि दर महिन्याला रेशनच्या दुकानातून फुकटचा तांदूळ घरी आणीत. या दोन्ही गोष्टी करून पुष्कळ लोक सुखाने जेवतात. काकांनी मात्र दोन्हींची गाठ मारून ठेवली. "सरकार सोता तांदूल पिकवतं का? न्हाय. मंग देतं तो कुनाचा? माजाच!" हे त्यांचं अर्थशास्त्र. आपला तांदूळ सरकारच्या घरी नांदायला गेला आहे, आणि तो अजून परत आला नाही म्हणजे वाटेत कुठल्यातरी गोदामात रमला आहे, असं ते धरून चालत. मी एकदा शंका काढली तर म्हणाले, "दिलेली पोर म्हायेरपनाला येते का न्हाय? मंग?" त्यांच्या या 'मंग'पुढे आजवर कोणाचं काही चाललेलं नाही.

खरेदी केंद्रावर भात न्यायचा दिवस म्हणजे त्यांच्या घरी पाठवणीचा दिवस. काकी पोत्यांना हळदकुंकू लावी, काका इस्त्रीची टोपी घालून टेम्पोत पुढे न बसता मागे पोत्यांशेजारी बसत, आणि केंद्रावर पोचल्यावर ओलावा मोजायचं यंत्र भाताला नापास करी. हे बहुतेक दर वर्षी होई. "खारीतला भात हाय सायेब," काका समजावीत, "खारीतला मासा कोरडा येतो व्हय?" साहेब काही मत्स्यशास्त्रातले नव्हते. पोती परत येत आणि भात डांबरी रस्त्यावर वाळत पडे. एका वर्षी भाताने अर्ध्याहून जास्त रस्ता व्यापला आणि समोरून एसटी आली. काकांनी छत्री आडवी धरून ती थांबवली, उतारूंना खाली उतरवलं, चपला काढायला लावल्या आणि भातातून पाय ओढत चालवलं, म्हणजे एका फेरीत सगळा भात पालथा होतो. रीतसर तिकीट काढलेली माणसं मुकाट्याने चालली. एक बाई तर, नीट वाळला नाही म्हणून, परत एकदा चालून आल्या. त्या दिवशी एसटीला उशीर झाला, पण भात पास झाला.

आता या सगळ्या प्रकरणात माझा दोष एवढाच, की एकदा गंमत म्हणून मी विचारलं, "पण काका, तुमचा तांदूळ परत आला तरी ओळखणार कसा?" काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. टोपी निघाली की काकी पदर खोचून तयारीत राही, कारण पुढे काहीतरी निघणार हे ठरलेलं. काकांच्या शेताच्या बांधाकडच्या कोपऱ्यात रता होता. रता म्हणजे खाऱ्या पाण्याशी भांडून उभा राहणारा जुना लाल तांदूळ. त्या खारीत तो दुसऱ्या कोणाकडे उरला नव्हता. काका तो कधी विकत नसत. सुगी झाली की त्याच्या पुरचुंड्या बांधून शेजारीपाजारी, नात्यागोत्यात, थेट रेशनच्या दुकानदारापर्यंत वाटत. खरं सांगायचं तर तो कोणाकडेच संपत नसे, कारण तो शिजेपर्यंत पाहुणे जेवून, झोपून, उठून चहाला बसलेले असत. तर पुढच्या हिवाळ्यात काकांनी पांढऱ्या भाताच्या प्रत्येक पोत्यात मूठभर रता मिसळला. केंद्रावरच्या साहेबांनी दाणे सोलून पाहिले आणि विचारलं, "काका, यात लाल दाणे कसे?" काका म्हणाले, "वलख म्हनून." साहेबांना वाटलं, काका कोणाची तरी ओळख सांगताहेत. त्यांनी घाईघाईने पोती आत घेतली.

तेव्हापासून आमच्या सासुरवाडीची घडी विस्कटली. रेशनच्या दुकानात काकांचा अंगठा मशीनला पटत नसे. जन्मभर चिखलात आणि मिठागरात झिजलेला अंगठा तो, त्यावर रेघ म्हणून शिल्लक नव्हती. ते पुसून, फुंकर मारून, कपाळाला लावून पुन्हा पुन्हा टेकवत आणि मशीन पुन्हा पुन्हा नाही म्हणे. "माजा भात घेताना बरी वलख लागली," असं ते मशीनलाच सुनावत आणि मग काकीच्या अंगठ्याला बोलावणं जाई. तांदूळ घरी आला की पडवीत चटईवर ओतायचा आणि सगळ्यांनी लाल दाणा शोधायचा. यातून सूट कोणालाच नव्हती. पोस्टमन पत्र द्यायला आला तरी त्याच्यापुढे आधी ताट येई, त्यात तांदूळ असे, आणि तो बिचारा निवडायला बसे. एकदा काकांच्या मुलाला बघायला चौलकडची मंडळी आली, त्यांनाही काकांनी ताटं दिली. मुलीचे वडील तासभर मान खाली घालून निवडत होते. सोयरीक जमली, कारण एवढ्या निवडक माणसांच्या घरी मुलीला काही कमी पडणार नाही अशी त्यांची समजूत झाली.

लाल दाणा सापडेना, पण दुसरंच काहीतरी सापडू लागलं. तांदळात मधूनच एखादा जरा पिवळट, गुळगुळीत, पाण्यात तरंगणारा दाणा असे. गावात बोंब झाली की सरकार प्लास्टिकचा तांदूळ देतंय. दवाखान्यातल्या ताईंनी घरोघर जाऊन सांगितलं की रक्त वाढावं म्हणून सरकारने मुद्दाम घातलेले ते पौष्टिक दाणे आहेत, ते फेकू नका, खा. काकांना दोन्ही मतं पटली नाहीत. त्यांनी एक दाणा उन्हात धरून पाहिला आणि निकाल दिला, "ही सरकारची वलखीची खून हाय. मी लाल घातला, त्यांनी पिवला घातला. त्यांना पन आपला तांदूल वलखायचा असेल." सरकारही बिचारं आपल्यासारखंच आपला तांदूळ शोधत हिंडतंय, या कल्पनेने त्यांचा जीव हळहळला. ते पिवळे दाणे त्यांनी लोणच्याच्या बरणीत साठवले आणि पाठवणीच्या वेळी खरेदी केंद्रावरच्या साहेबांसमोर ठेवून म्हणाले, "घ्या, तुमचं तुमच्याकडं. आता आमचं लाल आमाला द्या." साहेबांनी लगेच बदलीचा अर्ज केला असं म्हणतात.

काका रेशनच्या विरुद्ध होते असं मात्र कोणी समजू नये. त्यांच्या शेजारी सुकी मासळी विकणारी एक बाई राहायची. नवरा नाही, जमीन नाही, दोन मुली. तिच्यासमोर कोणी फुकट्या तांदळाला नावं ठेवली की ती टोपली खाली ठेवून भांडे. "मासली इकली न्हाय त्या दिसी माज्या पोरी याच तांदलावर जेवतात. तुमी याल का आनून द्यायला?" काका यावर मान डोलवत. "वयनीचं खरं हाय," म्हणत. पण त्याच तांदळाने खारीत भलतंच झालं होतं. समुद्राकडच्या बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की पूर्वी प्रत्येक घरातला एक माणूस टोपलं घेऊन धावायचा. बांध फुटला तर वर्षभर उपास. आता बांध फुटला तरी घरात तांदूळ येणारच. मग चिखलात कोण उतरतो? एकेकाने खार सोडली. सोडलेल्या शेतात खारं पाणी शिरलं आणि खारफुटी उगवली. बांधाला लागून शेवटचं लावलेलं शेत उरलं काकांचं. ते सुटलं की बांधावर नजर ठेवणारं कोणी नव्हतं, आणि आतल्या बाजूची चार शेतंही त्याच भरतीत गेली असती. शेजारणीलाही लावणी-कापणीची मजुरी तेवढ्याच शेतावर मिळे.

मुलगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा. तो आपल्या जागी चुकत नव्हता. "बाबा, दोन फेऱ्या जास्त मारल्या तर वर्षाचा तांदूल येतो. वर सरकार फुकट देतंय. कनाला टेन्शन घेता?" काका म्हणाले, "आपला आपल्याकडं येतो म्हनून लावायचा." मुलगा चिडला. "कुठे येतो? इतकी वर्सं शोधताय. एक लाल दाना दाखवा, मी सुट्टी टाकून बांधावर येतो. न्हाय गावला तर खार सोडायची." आणि काकांनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. "मृग लागायच्या आत. कबूल."

झालं! पैज त्या दोघांची, झोप उडाली आमची. शेजारणीला मजुरीची काळजी. काकीला वेगळीच. "हा मानूस दिसभर घरान ऱ्हायला तर मीच खारीत जाईन ऱ्हायला," ती हिला फोनवर म्हणाली. मलाही वाईट वाटलं. शेत नसलेले काका माझ्या डोळ्यांसमोर येईनात. मृगाआधीच्या शेवटच्या रेशनला आम्ही पनवेलहून मुद्दाम गेलो. पोतं टेम्पोतून उतरवायला मी पुढे झालो, हे त्या घराच्या इतिहासात पहिल्यांदाच घडत होतं, आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून मुठीतला एक लाल दाणा मी पोत्यात सोडला. आमच्या बरणीतला, जुन्या पुरचुंडीतला. माझ्या धूर्तपणावर मी खूश होतो.

तांदूळ चटईवर ओतला. अर्धी आळी ताटं घेऊन बसली होती. रेशनचा दुकानदार दुकान बंद करून आला होता. पहिल्याच ताटात शेजारीण ओरडली, "गावला!" मी म्हटलं, चला, माझा दाणा लागी लागला. तेवढ्यात हिच्या ताटात एक निघाला. मग काकीच्या ताटात दोन. मग पोस्टमनच्या ताटात. मग तर कोणी हात घालावा आणि लाल दाणा यावा असं सुरू झालं. जो तो आनंदाने ओरडे आणि लगेच दुसऱ्याचा दाणा पाहून चपापे. दुकानदाराने तर मूठभरच घातला असावा. रेशनचा तांदूळ पावतीपेक्षा जास्त भरला, अशी ती पहिलीच वेळ. आणि कहर म्हणजे त्यातले काही दाणे टरफलासकट होते. गिरणीतून पॉलिश होऊन आलेल्या तांदळात सबंध भात! रत्याचं टरफलासकट बियाणं फक्त काकांच्या माळ्यावर होतं, आणि तिथे हात पोचेल असा उंच माणूस घरात एकच. सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा मोबाइलमध्ये पाहत होता. मोबाइल बंद होता.

काकांनी ते सगळे दाणे ओंजळीत घेतले. ओंजळ भरली. "गेली एकटी," ते म्हणाले, "आली लेकुरवाली होऊन." कोणाला हसू आवरेना आणि कोणाला हसायचं धैर्य होईना.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर बांधावर गेलो. भरती चढत होती. चालता चालता ते म्हणाले, "जावय, गिरनीत घातल्यावर रत्याची लाल साल ऱ्हाते व्हय?" राहत नाही, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. काकांना ठाऊक नाही असं मात्र आम्ही धरून चाललो होतो. "पयल्या वर्सापासून म्हाईत हाय मना," ते म्हणाले. मी विचारलं, "मग एवढी वर्षं शोधत का होता?" काका खाली बसून बांधाच्या एका भेगेत चिखल भरू लागले. "बांधाला बोलावलं तर कोन येत न्हाय. तांदूल शोधायला बोलावलं तर समदी येतात." भेग बुजली तसा वरून हात फिरवून म्हणाले, "आनि मना सांग, या खारीत रता दुसरा कोन लावतो? कोनी न्हाय. मंग आज निगाले ते दाने कुनाचे? माजेच ना? गेल्या सुगीचे, त्याआदीच्या सुगीचे. सगल्यांनी जपून ठेवले व्हते. आले का न्हाय म्हायेरी? मंग?" मी टोपलं उचललं आणि आयुष्यात पहिल्यांदा चिखल वाहिला. पॅन्ट कायमची गेली.

त्या वर्षी शेत लागलं. मुलाने सुट्टी टाकली, आणि दाणे घातल्याचं उघडं पडल्यामुळे आळीतल्या कोणाला बांधावर यायला नाही म्हणता येईना. खार सगळी वाचली असं काही नाही. पुढच्या वर्षांत आणखी दोन शेतं सुटली, तिथे आता बगळे आणि खारफुटी आहे. काकांनी लाल दाणा शोधणं त्या दिवसापासून थांबवलं. रत्याची पुरचुंडी देताना फक्त एक वाक्य वाढलं, "सगला खाव नको. थोरा ठेव."

गेल्या वर्षी काका गेले. सुगीनंतर मुलगा ट्रेलर वाटेत उभा करून आमच्याकडे पनवेलला आला. चहासुद्धा न घेता त्याने हातात पुरचुंडी दिली. बांधाकडचा कोपरा त्याने रत्यालाच ठेवलाय म्हणाला. जिन्यापर्यंत गेला, परत फिरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगला खाऊ नका, भावजी. थोरा ठेवा." तो गेल्यावर हिने पुरचुंडी सोडली आणि डोळे पुसून म्हणाली, "यंदाचा तरी शिजवू या का?" मी दाणे बरणीत ओतले आणि झाकण लावलं. म्हटलं, "नको. माहेरचं बोलावणं आलं तर पाठवायचं काय?"