प्लेटीला बांधलेले गोंडे

...तर कालचं अर्धंच राहिलं. कासिमिरावहिनी फडकं घेऊन स्टुलावर चढलेली आणि खालून लामा, ते उंटासारख्या मानेचं आमचं लोकरीचं जनावर, तिचा घागरा चघळतोय! तरी बाई उतरली नाही. सोलरची प्लेट लख्ख झाली, मग तेच फडकं लामाच्या नाकावर हाणलं.

आमच्या पठारावर हवा विरळ, पण ऊन असं की टोपी काढली की टाळू भाजते. त्या उन्हावर ही अंगणातली प्लेट बॅटरी भरायची आणि बॅटरीवर नासारियोचं ऑक्सिजनचं मशीन चालायचं. नासारियो म्हणजे वहिनीचा नवरा, माझा चुलतभाऊ. तीस वर्षं खाणीत काढली आणि छातीत दगडाची धूळ भरून घरी आला. कुणी मोबाइल चार्ज करायला आलं की वहिनी दारातूनच ओरडायची, "माझ्या नवऱ्याचा श्वास आहे तो, तुझ्या गाण्यांसाठी नाही!" आतून नासारियो धापा टाकत हसायचा, "चिक्कू बाई!"

फेब्रुवारीत आम्ही लामांच्या कानांना रंगीत लोकरीचे गोंडे बांधतो, कळप वाढावा म्हणून. बांधायचे पाहुण्याच्या हातानेच, आणि त्या घरी पाहुणा मी. त्या वर्षी वहिनीने चार गोंडे जास्त केले. प्लेटीकडे बोट करून म्हणाली, "भावजी, हिलाही बांधा. आता घर हीच चालवते, म्हणजे कळपातलीच की! अहं, खाली नको, वरच्या काठाला." मी बांधले. प्लेटीच्या पायाशी मक्याची दारूही ओतली. काय हसलो आम्ही त्या दिवशी!

मग चार दिवस ढग. पाचव्या दिवशी, डोंगरावर ऊन यायच्या आधीच, मशीन बंद पडलं. नासारियो गेला.

तपासायला शहरातून मेकॅनिक आला. म्हणाला, "आधीच ढग, त्यात ही गोंड्यांची सावली. एवढ्याशा सावलीनेही अर्धी प्लेट झोपते. कुणी बांधले हे?"

वहिनी पटकन म्हणाली, "वाऱ्याने आले."

महिनाभर मी त्या अंगणात पाय ठेवला नाही. शेवटी गेलो. ती स्टुलावर उभी, प्लेट पुसत होती. मशीन तर कधीच दवाखान्यात परत गेलं होतं. म्हटलं, "वहिनी, माझ्या हाताने गेला तो. कशाला खोटं बोललात?"

"भावजी, वरच्या काठाला बांधा म्हणून मीच सांगितलं ना? ह्यांना खाटेवरून, खिडकीतून दिसावेत म्हणून. शेवटपर्यंत तिकडेच बघत होते हो."