अर्धा पेला आणि कागदी माड

आमच्या बाई चहा पूर्ण पिऊ देत नाहीत. कपात शेवटचे दोन घोट उरले की मागून हात येतो, कप जातो आणि सिंकमध्ये नळाचा आवाज सुरू. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात त्यांच्या घरात वरची खोली घेऊन मी राहतोय, त्याला आता बरेच दिवस झाले, पण त्या घरातल्या कपाचा तळ कसा दिसतो ते मला अजून माहीत नाही.

बाई म्हणजे माझी घरमालकीण. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, नवरा बस चालवायचा, तो वारला. त्याची टोपी दाराजवळच्या खुंटीवर अजून आहे, आणि तिच्यावर मी चुकून जॅकेट अडकवलं तर बाई काही बोलत नाहीत, फक्त जॅकेट माझ्या खोलीत येऊन पडलेलं असतं.

मी नकला करतो. लहानपणापासूनच. तालुक्याच्या गावातली शाळा, आठवीत असताना हेडसरांचा आवाज काढून मी दाराआडून अख्खा वर्ग मैदानात पाठवला होता. इथे औषधाच्या कारखान्यात काम करतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, माणसाचे फक्त डोळे दिसतात. आवाज सोडला तर माणसाकडे उरतंच काय? त्यामुळे माझी चैन झाली. कॉर्कची माणसं वाक्य पतंगासारखं वर वर नेतात आणि मग दोर सोडून देतात. तो हेल मी पहिल्याच महिन्यात उचलला. बाईंचा तर इतका पक्का उचलला की एकदा मी जिन्यातून त्यांच्याच आवाजात हाक मारली आणि त्या स्वतःच 'आले' म्हणाल्या.

एका रविवारी दुपारी बारीक पाऊस चालू होता. इथे पावसाला सुरुवात आणि शेवट नसतो, नुसता मधला भाग असतो. बाईंनी बैठकीच्या खोलीतली प्रेस, म्हणजे कपाट हो, उघडली आणि आतून रेकॉर्ड प्लेयर काढला. सुई ठेवली. आधी नुसती खरखर, कढईत मोहरी पडल्यासारखी. मग गिटार, मग बोटांनी वाजवलेला छोटा ढोल, आणि मग एका माणसाचा आवाज, जो गाताना हसत होता. म्हणजे हसू ऐकू येत नव्हतं, पण गालावर असल्याशिवाय शब्द तसे येत नाहीत. नक्कल करणाऱ्याला हे कळतं.

ते जुनं कॅलिप्सो होतं. वेस्ट इंडीजमधल्या ट्रिनिदाद बेटावरचं गाणं. मला तेव्हा त्यातलं काही माहीत नव्हतं. मी सोफ्यावर पडून राहिलो आणि खोली हळूहळू गरम पाण्यात विरघळल्यासारखी वाटायला लागली. खिडकीबाहेर करडं आकाश, समोरच्या घराचं ओलं छप्पर, आणि आत कुठलातरी समुद्र, जो मी कधी बघितलेला नाही. आमच्या गावाला समुद्र म्हणजे फोटो स्टुडिओतला पडदा. निळं पाणी, दोन माड, कोपऱ्यात अर्धवट रंगवलेली होडी. माझा पहिल्या वाढदिवसाचा फोटो त्या माडाखाली आहे, स्वेटर घालून. तो पडदा मी कित्येक वर्षांत आठवला नव्हता. त्या दुपारी रेकॉर्ड फिरत होती आणि माझ्या डोक्यात तो पडदा हलत होता, मागून कुणीतरी वारा घालतंय असा.

बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, 'आमच्याकडेही तसाच पडदा होता, बॉय. त्याच्यापुढे मी ट्रे घेऊन फिरायचे.' कॉर्कमध्ये ऐंशीचा म्हातारासुद्धा बॉयच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना समुद्रकाठच्या एका हॉटेलात कामाला होत्या. त्या काळी अमेरिकेत, इंग्लंडात फॅड आलं होतं म्हणे, हॉटेलातला लाउंज म्हणजे एखादं बेट वाटलं पाहिजे. ह्या हॉटेलानेही हौस केली. बांबूचा बार, कागदाच्या लगद्याचे माड, अननसाच्या आकाराचे पिवळे दिवे, आणि माड कोमेजू नयेत म्हणून की काय, रेडिएटर एवढे चालू की लोक कोट काढून बसायचे. बाहेर वादळ सुटलेलं, खिडक्या थरथरतायत, आणि आत शेतकरी, कारकून, त्यांच्या बायका, सगळे कागदी छत्रीची काडी खोचलेला रस पीत बेटावर. बाई म्हणाल्या, लोक दारातून आत आले की त्यांची चालच बदलायची. खांदे खाली यायचे.

आणि तिथे एक जण गायचा. ट्रिनिदादहून डॉक्टरकी शिकायला आलेला मुलगा. त्या गाण्याची एक रीत आहे. वरून चाल एकदम गोड, सरबतासारखी, पण शब्दांत चिमटे. गायक समोरच्या टेबलाकडे बघतो आणि त्या माणसावर तिथल्या तिथे दोन ओळी रचतो. त्या लाउंजात ज्याच्यावर रचल्या त्याने उठून दोन ओळींत उत्तर द्यायचं. बँड वाजवत राहतो, उत्तर येईपर्यंत. एका रात्री तो ट्रे घेतलेल्या पोरीकडे वळला. बाईंनी मला त्या ओळी इंग्रजीत म्हणून दाखवल्या, मी माझ्या पद्धतीने सांगतो:

पेला अर्धाच रिकामा, पोरगी नेते उचलून,
माझी तहान अर्धी राहिली, सांगा तिला समजावून.

लोक हसले, वळले, बँड वाजवत राहिला. आणि बाई ट्रेसकट किचनमध्ये पळाल्या.

'तसं आमच्यात काही नव्हतं,' त्या म्हणाल्या. 'पण माझ्यावर कुणी गाणं केलं ते तेवढंच. आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.'

तो डॉक्टर झाला, गॉलवेला हॉस्पिटलात लागला, तिथेच लग्न केलं. बाईंनी बसवाल्याशी केलं. आता त्या लाउंजचं जिम होणार होतं. त्याआधी एक शेवटची रविवार दुपार ठेवली होती, जुन्या लोकांसाठी, आणि डॉक्टर येणार असं बाईंच्या कानावर आलं होतं. म्हणून रेकॉर्ड बाहेर निघाली होती. बाईंना उत्तर द्यायचं होतं. 'या वेळी मला किचनमध्ये पळायचं नाही,' त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता माझा कप उचलून घेऊन गेल्या.

आता मला सांगा, दोन ओळी, यमक, सगळे वाट बघतायत, समोरची लाजून लाल. हे आम्हाला नवीन आहे का? हा तर उखाणा. मी उठलो आणि कामाला लागलो. पहिली ओळ कशाचीही, समोर दिसेल त्या वस्तूची, हे मी त्यांना शिकवलं. दुसऱ्या ओळीत त्याचं नाव आणि मग यमक. सराव म्हणून मी किचनच्या दारात दोन्ही हात लावून उभा राहायचो, आमच्या गावच्या लग्नातल्या तमाम मावश्या-आत्यांचे आवाज काढत, की नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही. बाईंना एक अक्षर कळायचं नाही पण हसून हसून डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी आमचं ठरलं:

कागदाच्या माडाला नारळ काही धरला नाही,
अमुकरावांचा आवाज अजून बिघडला नाही.

अमुकरावांच्या जागी डॉक्टरांचं नाव. बाईंच्या इंग्रजीतही ते छान जुळत होतं.

शनिवारी आईला व्हिडिओ कॉलवर मी हा सगळा पराक्रम सांगितला. आई मेथी निवडत होती, निवडायची थांबली.

'त्या बाईंचे मिस्टर?'

'वारले.'

'आणि नाव कुणाचं घेतायत?'

आईने परत मेथी हातात घेतली. 'तू म्हणजे ना,' एवढंच म्हणाली, पण मला ते तिने गावभर ओरडून सांगितल्यासारखं ऐकू आलं. मी काय करून ठेवलं होतं? एका म्हाताऱ्या आयरिश बाईला भर हॉलमध्ये, परक्या माणसाचं नाव घ्यायला शिकवलं होतं. वर त्याची बायको शेजारी बसणार.

म्हणजे तिथे हे कुणाला कळणार नव्हतं. कळणारा मी एकटाच. पण मला राहवेना. रविवारी गाडीतून जाताना, पाऊस काचेवरून पुसत पुसत, मी बाईंना सांगून टाकलं, की आमच्यात असं नाव बायको घेते, आपल्या नवऱ्याचं. हवं तर नाव काढून टाकू, नुसतं 'डॉक्टर' म्हणा.

बाई खिडकीतून बघत होत्या. शेतं, गाई, ओल्या भिंती. मग विचारलं, 'तुमच्यात हे किती वेळा घ्यायचं असतं?'

म्हटलं, कुणी दार अडवेल तितक्या वेळा.

'माझं तर कुणी अडवलंच नाही,' त्या म्हणाल्या. 'मग आधी माझ्या नवऱ्याचं घेते.' आणि तिथेच, सीटबेल्ट लावलेल्या अवस्थेत, कुणाची मदत न घेता रचलं:

पाऊस असो, धुकं असो, बस निघायची वेळेवर,
अमुकरावांची टोपी अजून आहे खुंटीवर.

मी गाडी चालवत होतो म्हणून बरं. मान वळवता आली नाही.

लाउंज अजून तसाच होता. माडांची पानं धुळीने राखाडी झालेली, एका अननसात दिवाच नव्हता, पण बँडने पहिला तुकडा वाजवला आणि लोकांचे खांदे खाली आले, बाईंनी सांगितलं होतं तसेच. डॉक्टर आमच्याच टेबलावर होते. उंच, काळे, काठी घेतलेले, शेजारी त्यांची गॉलवेची गोल हसरी बायको. मी त्यांना म्हटलं, तुम्ही लहानपणापासून गात असाल. ते म्हणाले, छे, घरी वडील शाळामास्तर, आम्ही चर्चमधली भजनं म्हणायचो. कॅलिप्सो मी इथे येऊन शिकलो, रेकॉर्डी लावून, नक्कल करून करून. इथल्या लोकांना वाटायचं माझ्या रक्तातच आहे, आणि मला फी भरायची होती.

'चाल नकलेची, बोलायची ढब नकलेची,' ते म्हणाले. 'ओळी तेवढ्या माझ्या असायच्या.'

हे मला कुठेतरी जाऊन लागलं. मी रस पीत बसलो.

मग डॉक्टर उठले, काठी टेकत माइकपाशी गेले आणि सरळ बाईंकडे बघून त्याच दोन ओळी गायल्या. आवाज थकला होता पण ते हसू गालावर होतं. लोक वळले. बँड वाजवत राहिला. बाई उभ्या राहिल्या.

पहिली ओळ नीट आली. कागदाच्या माडाला नारळ काही धरला नाही. आणि मग बाई थांबल्या.

चाल गोल फिरून आली. परत फिरून आली. किचनचं दार त्यांच्या मागे चार पावलांवर होतं, आणि त्यांनी तिकडे एकदा बघितलंही. मला दुसरी ओळ पाठ. माझ्या घशात त्यांचा आवाज तयार. मान खाली घालून, ओठ न हलवता मी ती म्हटली असती तर अख्ख्या हॉलला वाटलं असतं त्याच बोलल्या. आयुष्यात इतकी सोपी नक्कल मला मिळाली नव्हती. मी स्ट्रॉ दातात घट्ट धरली आणि गप्प बसलो. त्या विसरल्या नव्हत्या, हे मला दिसत होतं. नाव घ्यायचं म्हणजे काय हे त्यांना माहीत झालं होतं, आणि बाई त्या नावापाशी उभ्या होत्या.

मग त्यांनी ते घेतलं. आमच्याकडे नवी नवरी घेते तसं, पहिलं अक्षर जरा दाबून. आणि पुढे आम्ही ठरवलेलं नव्हतंच:

'… तुझा अर्धा पेला मी अजून विसळला नाही.'

यमक जुळलं. हॉल हसला, टाळ्या पडल्या, डॉक्टरांची बायको तर सगळ्यात जोरात. डॉक्टर हसले नाहीत. माइकवर हात ठेवून ते नुसते उभे राहिले, आणि बँडमधल्या ढोलवाल्याने हळूहळू बोटं थांबवली.

ते टेबलावर परत आले. त्यांचा पेला तिथे अर्धा भरलेला. बाईंचा हात आपोआप त्याच्याकडे गेला, मी बघितलं, सगळ्या टेबलाने बघितलं. त्यांनी तो उचलला. मग परत ठेवला आणि बोटांनी डॉक्टरांकडे सरकवला.

'पी, बॉय,' त्या म्हणाल्या. 'सावकाश.'

परत येताना मी विचारलं, बरं वाटतंय ना, तर म्हणाल्या, 'ग्रँड.' इथे ग्रँड म्हणजे बरं, ठीक, पुरे, चालेल, सगळंच. वाइपर चालू होते, आणि त्यांच्या काचेवरच्या सरकण्यातही मला ती चाल ऐकू येत होती.

सोमवारी सकाळी आईचा फोन. मी चहा घेत होतो. 'मग? घेतलं का त्यांनी?'

'घेतलं.'

'काय नाव होतं रे?'

मला ते नाव बाईंच्या आवाजात, त्यांच्या हेलात, दाबलेल्या पहिल्या अक्षरासकट काढता आलं असतं. तोंड उघडलंही होतं.

'आई,' म्हटलं, 'ते आपण घ्यायचं नसतं.'

मागून हात आला आणि कप गेला. दोन घोट होते त्यात.