फौजदाराने गुन्हा कबूल करू नये

"खून कोणी केला ते आधी सांगा," साहेब म्हणाले.

"ते शेवटी कळतं, साहेब."

"मला नाटक पाहायचं नाही. मला परमिशन द्यायची आहे."

मी आदिलाबादच्या एका कचेरीत मुतर्जिम होतो. मुतर्जिम म्हणजे ट्रान्सलेटर. निजामाच्या राज्यात लागलो तेव्हा मराठी अर्ज उर्दूत करायचो, पुढे इंग्रजीत करू लागलो. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. शेजारचा किनवट मुंबई राज्यात गेला, आम्ही आंध्रात राहिलो. हे नवे साहेब समुद्राकडच्या जिल्ह्यातून बदलून आले होते. इंग्रजी फर्डं, तेलुगू घरचं, मराठीचं अक्षर ठाऊक नाही. मराठी मुतर्जिमची जागा ठेवायची की काढायची, याचा रिपोर्ट त्यांनीच पाठवायचा होता. माझ्या घरी खाणारी तोंडं सहा. त्यामुळे साहेबांना नाराज करणं मला परवडणारं नव्हतं.

नाटक करायचं तर त्याची वही आधी कचेरीत द्यावी लागे. मराठी असेल तर मी ती इंग्रजीत उतरवून साहेबांसमोर ठेवायची. ही वही किसनरावांची होती. किसनराव जवळच्या मावला गावचे, वांगी-मिरची पिकवणारे. वाफ्यांना पाणी धरता धरता नाटक लिहायचे.

नाटक खुनाचं, पण विनोदी. कचेरीतली शिकलेली मंडळी नाक मुरडत, खून ही काय हसायची गोष्ट आहे? मी म्हणतो, आहे! खुनाच्या नाटकाचे नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतात. पहिल्या अंकात मुडदा पडतो. सगळे म्हणतात, मी नाही केला. फौजदार हुशार असतो आणि शेवटी एकाला धरतो. नियम असे पाठ असले की ते मोडताना बघायची मजा काही औरच. किसनरावांनी तेच केलं होतं. त्यांच्या नाटकात भजनाचा बेसूर पेटीवाला मरतो आणि अख्खं गाव हौसेनं कबुली द्यायला रांग लावतं. "माहा नंबर आधी, बाप्पा! म्याच मारलं त्याले! हार माह्याच गळ्यात घाला!" फौजदार एकेकाला निर्दोष ठरवता ठरवता टेकीला येतो. शेवटी कंटाळून तोही म्हणतो, "मीच केला. चला आता घरी."

साहेबांनी माझं भाषांतर दोनदा वाचलं. पहिल्या वेळी बाजूला बसलेला पेशकार, म्हणजे साहेबांपुढे कागद ठेवणारा कारकून, वहीत डोकावत होता, तो तोंडावर फडकं दाबून बाहेर पळाला. साहेबांची मिशी हलली नाही.

"पोलीस खोटी कबुली देतो? हा डिपार्टमेंटचा अपमान आहे. तुम्ही नोट लिहा, नाटक आक्षेपार्ह आहे."

"मी मुतर्जिम आहे, साहेब. वहीत आहे तेवढंच लिहीन. आक्षेप माझा नाही."

पेशकारानं दारातून मला डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं. साहेबांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"ठीक आहे. परमिशन देतो. पण अट घालतो. लिहून घ्या. फौजदारानं गुन्हा कबूल करू नये. विचारल्यास स्पष्ट नकार द्यावा."

मी लिहायला लागलो आणि मध्येच थांबलो. अट घातल्यावर नाटकाचं काय होणार, ते मला लख्ख दिसलं. सांगावं का? मी एकदा विचारलं, "साहेब, हे असंच लिहू?"

"शब्दशः."

मग मी शब्दशः लिहिलं.

दुसऱ्या दिवशी किसनराव हुकूम न्यायला आले. अट ऐकून भडकलेच. "काऊन जी? थो बिचारा थकून गेला ना! आमी दोन महिने तालीम करून राह्यलो!" मी म्हणालो, "किसनराव, पुन्हा एकदा ऐका." मी अट सावकाश वाचली.  ते हळूच म्हणाले, "म्हंजे... सारे हो म्हनतीन, अन् येकटा फौजदार नाही म्हनन?" आणि कचेरीच्या पायरीवर मटकन बसून हसायला लागले.

प्रयोग रविवारी दुपारी मावल्याच्या शाळेच्या मैदानात झाला. साहेब जातीनं आले. पुढच्या खुर्चीवर ते, बाजूच्या स्टुलावर मी, कानात भाषांतर सांगायला. शेवटच्या प्रवेशात सगळं गाव कबुली देऊन बसलं. नाटकातल्या एका म्हातारीनं विचारलं, "अन् फौजदारसायेब, तुमी?" फौजदार ताठ उभा राहिला. छातीवर हात ठेवून म्हणाला, "मी नाही केला!"

 मैदानात मागून कोणीतरी ओरडलं, "सापडला रे सापडला!" आणि जो हशा उठला! बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पेटीवाल्याचा मुडदासुद्धा गदगदा हलत होता.

"काय म्हणाला तो?" साहेबांनी विचारलं.

"मी नाही केला, असं म्हणाला."

"मग बरोबर आहे. अटीप्रमाणेच आहे." ते मागे वळून लोकांकडे बघू लागले. हसणं थांबेना. हळूहळू त्यांचे कान लाल झाले. मूळ वहीत फौजदार नुसता कंटाळलेला होता. त्याला खुनी साहेबांनी केलं होतं, स्वतःच्या सहीनं.

सोमवारी त्यांनी मला बोलावलं. "तुम्हाला हे आधीच माहीत होतं?"

"होतं. विचारलंही होतं, असंच लिहू का म्हणून."

महिन्याभरात मराठी मुतर्जिमची जागा गेली. मला नकलनवीस करून बेज्जूरच्या जंगलात धाडलं. नकलनवीस म्हणजे दुसऱ्याच्या कागदांच्या नकला करणारा. घरच्यांचे हाल झाले, खोटं कशाला बोलू? पण पस्तावलो नाही, आजही नाही. ती अट पुन्हा समोर आली तर मी पुन्हा तशीच लिहीन. किसनराव तर पुढे गावोगाव पडदा उघडण्याआधी तो हुकूमच वाचून दाखवायचे, आणि लोक तिथूनच हसायला सुरुवात करायचे.

नोकरीत आलेल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो, नाटकाला अट घालायची तर ते नुसतं वाचून भागत नाही. साहेबांनी दोनदा वाचलं होतं. एकदाही हसले नव्हते.