टीव्हीतल्या डॉक्टरापुढं आबा

चहा आधी पिऊन घ्या. हा किस्सा ऐकल्यावर तुम्ही माझ्याकडचा चहा घ्याल की नाही, काही सांगता येत नाही!

वडवणीत नुकतेच मोबाईल आले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, जुनी शुगर. चप्पल लागून त्यांच्या अंगठ्याखाली जखम झाली आणि ती काही केल्या भरेना. अशात बातमी आली, की बीडच्या एका दवाखान्यात मोठा टीव्ही बसवलाय आणि त्यात मुंबईचा डॉक्टर समोरासमोर बोलतो. पेशंट बीडात, डॉक्टर मुंबईत! माझं कापडाचं दुकान. मी गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं सोडून हीच बातमी सांगत सुटलो. लगेच नंबर लावला.

आता मला सांगा, टीव्हीवर जायचं म्हणजे काय असंच उठून जायचं?

सकाळीच न्हावी घरी बोलावला. आबांची दाढी केली, मिशांना कलप लावला. चेहरा उतरलेला दिसू नये म्हणून पावडर. दुकानातला भारीतला रेशमी फेटा. माझ्या लग्नातला कोट. आणि तो पाय? वास यायचा हो त्याला. त्यावर मोजा चढवला, वरून कोरा बूट.

"आरं, बूट रुततोय," आबा कळवळले.

"आबा, लई मोठा डॉक्टर हाय. घडीभर सोसा की!"

सोबत जीपभर भावकी. टीव्ही लागला, डॉक्टर दिसले. मी हात जोडले, आबांनी जोडले, मागं भावकीनं जोडले. डॉक्टर बिचारे नमस्कारच करत राहिले.

"काय त्रास होतोय, बाबा?"

आबा तोंड उघडणार, तोच मी पुढं झालो. "शुगर हाय साहेब. बाकी तब्येत ठणठणीत!"

"कागदावर पायाची जखम लिहिलीय. कॅमेऱ्यासमोर धरा पाहू पाय."

कॅमेरा टीव्हीच्या डोक्यावर. म्हणजे पाय टेबलावर ठेवायचा, थेट डॉक्टरांच्या तोंडासमोर! अहो, आमच्याकडं कुणाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात. आबा वाकून बूट सोडायला लागले. मी त्यांचा गुडघा दाबून धरला.

"कावून दाबतो रे? दाखवू दे की!"

"पाय खाली, आबा! लोकं बगायलेत." आणि टीव्हीकडं बघून मी गोड हसलो. "किरकोळ फोड होती साहेब. वाळली."

"नक्की?"

"एकदम नक्की!"

पाय माझा थोडाच होता!

डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्या सांगितल्या. निघताना टीव्ही चालवणाऱ्या पोराच्या मागं लागून मी टीव्हीच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या आबांचा फोटो छापून घेतला.

महिन्याच्या आत आबा तापानं फणफणले. औरंगाबादला नेलं, तोवर पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. गुडघ्याखाली कापावा लागला.

"आधी कुणालाच दाखवलं नाही?" तिथल्या सर्जननं विचारलं.

"मुंबईच्या डॉक्टरला दाखवलं होतं."

"मग त्यांनी पाय बघितला नाही?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढं बरेच दिवस मी त्या टीव्हीला शिव्या घातल्या. पण आमच्याच गल्लीतली एक म्हातारी त्याच टीव्हीपुढं बिनधास्त टेबलावर पाय ठेवून बसली. डॉक्टरांनी नीट बघितला, वेळेवर इलाज सांगितला. आता ती रोज माझ्या दुकानासमोरून तरातरा चालत जाते. तिचं बरं झालं, पण मला बघवत नाही.

आबांचा तो फोटो दुकानात लावलाय. कमरेच्या वरचा. फेटा, कोट, काळ्याभोर मिशा. परवा एक पाहुणा त्याच्यापुढं थबकला.

"आबा, फोटू लई झ्याक आलाय की!"

आबा गल्ल्यावर बसले होते, कुबडी भिंतीला टेकवून. माझ्याकडं न बघताच म्हणाले,

"यील न्हाई तर काय! पोरगं कापडवालं हाय. झाकायला लई हुशार."